फूल येईनासं झालेलं लेडीज स्लिपर: तीन वर्षांत काय बिघडलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांपूर्वी, पानगळीच्या दिवसांत, तुम्ही लेडीज स्लिपर ऑर्किडचा तीन डोळ्यांचा गड्डा विकत घेतलात. बागेतल्या एका मोठ्या झाडाखाली खड्डा खणून, भरपूर शेणखत आणि कंपोस्ट घालून तो चांगला वीतभर खोल लावलात. पहिल्या वसंतात तीन कोंब आले आणि दोन फुलं. दुसऱ्या वर्षी दोन कोंब, फूल नाही. यंदा एकच कोंब, तोही काडीसारखा. आता खत कोणतं घालू आणि उकरून बघू का, असं विचारलं आहे.

खत काहीही घालू नका. आणि आत्ता तर मुळीच उकरू नका.

पहिल्या वर्षीची ती दोन फुलं तुमची नव्हतीच. वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचं असंच होतं, माझंही झालं होतं. या ऑर्किडचा पुढच्या वर्षीचा अख्खा कोंब, त्यातल्या फुलाच्या कळीसकट, आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीला जमिनीखालच्या डोळ्यात तयार होऊन बसलेला असतो. वसंतात तो फक्त वर येतो आणि उलगडतो. म्हणजे पहिल्या वसंतात तुम्ही पाहिलं ते नर्सरीवाल्याच्या मेहनतीचं फळ. तुमच्या हाताखालची पहिली परीक्षा दुसऱ्या वसंतात होती, आणि तिथे एक कोंब कमी झाला. या झाडाचा निकाल वर्षभर उशिरा लागतो, हे लक्षात न घेतल्यामुळे लोक पहिल्या वर्षी समाधानी राहतात आणि तिसऱ्या वर्षी घाबरून खतं ओततात.

एक गोंधळ आधीच दूर करते. लेडीज स्लिपर या नावाने दोन अगदी वेगळी ऑर्किडं विकली जातात. एक पॅफिओपेडिलम, घरात खिडकीशी ठेवायचं, बारा महिने हिरवं राहणारं, गोठणारी थंडी न सोसणारं. दुसरं सिप्रिपेडियम, उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांतल्या जंगलांचं, हिवाळ्यात जमिनीवर काहीही न उरणारं. याच्या पन्नासेक जाती आहेत. तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे. पहिल्याची माहिती वाचून दुसरं वाढवायला गेलात तर हमखास मरेल, आणि उलटंही तितकंच खरं.

सिप्रिपेडियमचं खोड जमिनीखाली आडवं असतं आणि वर्षाला जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पुढे सरकतं. त्याच्या पुढच्या टोकाशी डोळे, मागे जुन्या वर्षांच्या गाठी. मुळं सुतळीसारखी, लांब, फारशा फांद्या न फुटणारी, कोळ्याच्या पायांसारखी आडवी पसरलेली. एरवी बागेतल्या झाडाचं मूळ तुटलं तर थोड्या दिवसांत बाजूने फुटवे येतात. इथे तसं होत नाही. तुटलेलं मूळ टोकाकडून पुन्हा फारसं वाढत नाही. नवी मुळं येतात ती त्या वर्षीच्या नव्या खोडातून, आणि तीही मोजकी. एक-एक मूळ कित्येक वर्षं काम करतं. त्यामुळे मुळं कुजली तर ती पोकळी भरून यायला दोन-तीन हंगाम जातात, आणि तेवढा काळ झाड पोसलं जाईलच अशी खात्री नसते.

तुमच्याकडे हेच घडलं असणार. शेणखत आणि ताजं कंपोस्ट हे या मुळांचे शत्रू. "पण जंगलात तर ते पालापाचोळ्यातच वाढतं ना?" हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतं. वाढतं. पण जंगलातला पाचोळा वरून थोडा-थोडा पडतो, खालून कुजतो, गांडुळं आणि किडे तो सतत भुसभुशीत ठेवतात, जमिनीला बहुधा उतार असतो आणि पाणी निघून जातं. तुम्ही खड्ड्यात भरलेला कुजवा मात्र दोन पावसाळी हिवाळ्यांत खाली बसतो, चिकट होतो, त्यातली हवा संपते. मुळं गुदमरतात. वर खताचे क्षार. आणि वीतभर खोल लावल्यामुळे डोळा त्या ओल्या गोळ्यात नेमका मधोमध.

शेतकऱ्यांचा एक शब्द इथे चपखल बसतो: वाफसा. माती ओली आहे, पण मुठीत दाबली तर चिखल होत नाही, कणाकणांमध्ये हवा खेळते आहे, ती स्थिती. या ऑर्किडला वाढीच्या सगळ्या काळात वाफसा हवा. कोरडं नको, चिखल तर नकोच. जुनी जमीन कितीही चांगली असली तरी वर्षभर असा वाफसा टिकवणं कठीण असतं, म्हणून अनुभवी माणसं मिश्रणात दगडी माल जास्त आणि सेंद्रिय कमी घेतात. मी दोन भाग प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा भरड परलाइट (भाजून फुगवलेली पांढरी, हलकी खडी), एक भाग धुतलेली जाड वाळू (3 ते 5 मिलिमीटर कणांची, चाळून धूळ काढलेली) आणि एक भाग जुना, काळा झालेला पानकुजवा घेते. मूठभर उचलून दाबलं तर गोळा होता कामा नये. वरून तांब्याभर पाणी ओतलं तर ते तळ्यासारखं न थांबता सरळ आत गेलं पाहिजे. हे मिश्रण दिसायला इतकं दरिद्री असतं की पाहुण्यांना वाटतं मी झाडाची उपासमार करते आहे.

जमिनीत लावायचं असेल तर साधारण दोन फूट रुंद आणि फूटभर खोल माती काढून टाकायची आणि ती जागा याच मिश्रणाने भरायची. खालची जमीन चिकणमातीची असेल तर खड्डा करू नका, तो पाण्याचा हौद होतो. त्याऐवजी उंचवटा करून त्यावर लावा. लागवडीची वेळ हिवाळ्याआधीच्या पानगळीची, झाड झोपी गेल्यावर. मुळं चहूकडे आडवी पसरवायची, डोळे वरच्या दिशेला, आणि डोळ्याच्या टोकावर दोन सेंटिमीटर मिश्रण. इतकंच. वर पाइनच्या सुया किंवा पानांचा पातळ थर घातला की जमीन गार राहते आणि पावसाने डोळा उघडा पडत नाही. कुंडीत लावणार असाल तर ती खोल नको, पसरट हवी. खाली ताटली ठेवू नका. माझं पहिलं झाड ताटलीनेच मारलं. प्रवासाला जाताना पाणी पुरावं म्हणून ठेवली होती, आणि परत आले तेव्हा पानं हिरवी होती म्हणून खूश झाले. पुढच्या वसंतात कुंडीत काहीच उगवलं नाही.

आता तुमचं ते मोठं झाड. सावली हवी म्हणून त्याखाली लावलंत, विचार बरोबर, पण दोन गोष्टी तपासा. बर्च, मेपल, बीच अशा झाडांची बारीक मुळं अगदी वरच्या थरात जाळं करतात आणि उन्हाळ्यात पाण्याचा थेंब सोडत नाहीत. तुम्ही घातलेलं खत त्यांनीच खाल्लं असेल. दुसरं म्हणजे सावली किती दाट? या ऑर्किडला कवडसे हवेत, अंधार नको. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन मिळालं तर उत्तम, दुपारचं नको. दाट सावलीत पानं गर्द हिरवी, लांबट आणि देखणी होतात, पण डोळ्यात कळी धरत नाही. खूप उन्हात पानं फिकट पिवळसर पडतात. घराच्या पूर्वेकडच्या भिंतीशी, झाडापासून दूर, अशी जागा मला नेहमी जास्त सोपी वाटली आहे.

पाणी पावसाचं असेल तर सर्वांत चांगलं. बहुतेक जातींना किंचित चुनखडीचं पाणीही चालतं. त्यांपैकी सिप्रिपेडियम कॅल्सिओलस तर चुनखडीच्या जमिनीतच राहणारं. क्षार मात्र साठू देऊ नका, महिन्यातून एकदा भरपूर साधं पाणी ओतून मिश्रण धुऊन काढा. पाणी सकाळी आणि बुडाशी द्यायचं. संध्याकाळी पानांवर पाणी साचून राहिलं की तपकिरी डाग पडतात, ती करडी बुरशी. डागाळलेलं पान कापा, हवा खेळती करा. कापायची कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना ज्योतीवर धरून घ्या, कारण विषाणू रसातून पसरतात आणि त्यांच्यावर औषध नाही.

खताचंही सांगून टाकते, कारण मिश्रण दगडी असेल तर थोडं लागतंच. पानं पूर्ण उलगडल्यापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत, पंधरा दिवसांतून एकदा, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या एक चतुर्थांश. त्यानंतर बंद. उशिरापर्यंत नत्र मिळत राहिलं तर झाड झोपायला तयार होत नाही आणि मऊ डोळे हिवाळ्यात सडतात.

हिवाळ्याबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण बहुतेक चुका तिथे होतात आणि त्या दिसत नाहीत. सिप्रिपेडियमला थंडी सोसते असं म्हणणं अपुरं आहे. त्याला थंडी लागते. साधारण तीन महिने 5 अंश सेल्सियसच्या खाली गेले नाहीत तर डोळा नीट जागा होत नाही, वाकडातिकडा उगवतो किंवा उगवतच नाही. बर्फाखाली ही झाडं सुखात असतात: थंड, अंधारी, एकसारखं तापमान आणि पाण्याचा मारा नाही. त्रास होतो तो बर्फ नसलेल्या, ओल्या, कधी गोठणाऱ्या तर कधी वितळणाऱ्या हिवाळ्यात. अशा ठिकाणी वाफ्यावर तिरकी काच किंवा प्लास्टिकचा पत्रा धरावा, पाऊस बाजूला जाईल आणि हवा चालू राहील असा. कुंडीतली मुळं जमिनीतल्यापेक्षा जास्त गोठतात, म्हणून कुंडी काठापर्यंत वाळूत किंवा जमिनीत पुरून ठेवा. रोपं लहान असतील किंवा हिवाळा पुरेसा थंड नसेल, तर माती झटकून, किंचित ओलसर परलाइटमध्ये गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रिजमध्ये 2 ते 4 अंशांवर तीन-चार महिने ठेवता येतात. महिन्यातून एकदा पिशवी उघडून बुरशी नाही ना ते पाहायचं. घरातल्यांना आधी कल्पना द्या. आलं समजून कोणी किसायला घेऊ नये.

पण जिथे हिवाळा नाही तिथे फ्रिजनेही काम भागत नाही, कारण मग उन्हाळाही तसाच असतो. रात्रीसुद्धा गारवा नाही आणि दिवसाचं तापमान आठवडेच्या आठवडे तिशीच्या वर, हे बहुतेक जातींना झेपत नाही. अशा हवेत राहणाऱ्यांनी या झाडावर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. कॅलांथेच्या उष्ण जंगलांतल्या जाती आणि फायस ही जमिनीत वाढणारीच ऑर्किडं आहेत, सुंदर आहेत, आणि ती जगतात.

वसंतात कोंब वर आला की दोन शत्रू. एक उशिरा पडणारं हिमतुषार, त्यासाठी रात्री उलटी बादली पुरते. दुसरी शेंबडी गोगलगाय. गुलाबाचा कोंब खाल्ला तर दुसरा येतो. इथे डोळ्यातून एकदा निघालेला कोंब गेला म्हणजे बहुतेक वेळा त्या वर्षाचं सगळं गेलं: पानं नाहीत, म्हणून अन्न नाही, म्हणून पुढच्या वर्षीचा डोळा बारीक. एका पावसाळी रात्री माझे पाच कोंब जमिनीलगत कापले गेले होते. त्या झाडाला पुन्हा फूल यायला चार वर्षं लागली. तेव्हापासून कोंब बोटभर होईपर्यंत रोज रात्री दिवा घेऊन बाहेर जाते आणि हाताने वेचते. दिसायला वेडगळ आहे, पण याहून चांगला उपाय मला सापडला नाही.

तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ होती, की हे झाड वाचलं नाही तर ओळखीच्या एकाकडून जंगलातलं खणून आणता येईल. कृपा करून ते करू नका. नीतीचा मुद्दा आहेच: कॅल्सिओलस ब्रिटनमध्ये लोकांनी बागांसाठी आणि संग्रहांसाठी इतकं खणून नेलं की 1917 मध्ये ते तिथून संपलं असं जाहीर झालं. 1930 मध्ये यॉर्कशायरमध्ये एकुलतं एक झाड सापडलं, आणि पुढे कित्येक वर्षं त्याची जागा गुप्त ठेवून त्यावर पहारा ठेवावा लागला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं राज्यपुष्प सिप्रिपेडियम रेजिनी हे आहे, आणि ते तोडणं किंवा खणणं तिथल्या कायद्याने 1925 पासून बंद आहे. सगळीच ऑर्किडं साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात, त्यामुळे कागदपत्रांशिवाय ती सीमेपलीकडे नेता येत नाहीत. पण व्यवहाराचा मुद्दाही आहे. जंगलातून खणलेल्या झाडाची निम्मीअधिक मुळं तिथेच तुटून राहतात, आणि तुटलेल्या मुळांचं काय होतं ते वर सांगितलंच. असं झाड दोन-तीन वर्षं साठवणीवर जगतं आणि मरतं.

नर्सरीतलं झाड महाग का, हेही यातच आलं. ऑर्किडचं बी म्हणजे धूळ. एका बोंडात हजारोंनी, पण एकाही बीजात अन्नाचा साठा नाही. जमिनीतली ठरावीक बुरशी आत शिरून त्याला अन्न पुरवते तेव्हाच ते रुजतं. हे नोएल बेर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं 1899 मध्ये. 1922 मध्ये लुईस नुडसनने दाखवलं की साखर आणि क्षार घातलेल्या निर्जंतुक अगारवर (जेलीसारख्या थरावर) बुरशीशिवायही बी रुजवता येतं. आज नर्सऱ्या याच वाटेने बंद बाटल्यांत रोपं करतात. बाटलीतून निघालेलं रोप फुलायला संकर असेल तर तीन ते पाच वर्षं, जंगलात रुजलेलं झाड दहा वर्षांहून अधिकही घेतं. घरच्या घरी वाफ्यात बी टाकून काही उगवेल ही आशा ठेवू नका. उगवलं तर तुमच्या जमिनीतल्या बुरशीची कृपा.

दुसरं झाड घ्यायचंच असेल तर शुद्ध जातीऐवजी संकर घ्या. "गिसेला" आणि "उल्ला सिल्केन्स" हे दोन मी नवशिक्यांना डोळे मिटून सुचवते, चुका पोटात घालतात. जातींपैकी पार्व्हिफ्लोरमचा मोठ्या पिवळ्या फुलांचा प्रकार सोशिक आहे. रेजिनीला पाणी आणि उजेड दोन्ही जास्त लागतं. गुलाबी पिशवीचं अकॉल कितीही मोह पडला तरी टाळा, त्याला अतिशय आम्ल जमीन लागते आणि बागेत ते क्वचितच टिकतं. आणि नुसतं जंगली ऑर्किड जमतंय का एवढंच पाहायचं असेल तर एपिपॅक्टिस जायगँटिया लावा, ओलसर जागी ते स्वतःच पसरतं. त्याच्याच कुळातलं एपिपॅक्टिस हेलेबोरिन युरोपातून उत्तर अमेरिकेत गेलं आणि आता तिथे रस्त्याकडेला, हिरवळीत, फरशांच्या फटीतही उगवतं. लोक त्याला तण म्हणून उपटतात. ऑर्किड नाजूक असतं असं कोणी म्हणालं की मला हे झाड आठवतं.

आता तुमच्या एका कोंबाकडे. आत्ता करायचं एवढंच: वरचा सैल कंपोस्ट बोटांनी हलके बाजूला सारा, डोळ्याजवळ जाऊ नका. कोरड पडेल तेव्हा पाणी द्या. गोगलगायी आवरा. कोंबाच्या दोन्ही बाजूंना दोन काड्या रोवा, कारण पानं गेल्यावर ती जागा तुम्हाला सापडणार नाही आणि फावडं नेमकं तिथेच पडेल. पान आपोआप पिवळं पडू द्या, हिरवं असताना कापू नका. पुढच्या वर्षीचा डोळा तेच भरतं आहे.

पानं पूर्ण वाळली की कोंबापासून फूटभर अंतरावरून काटेरी फावड्याने अख्खा गोळा वर उचला आणि बादलीतल्या पाण्यात हलवत माती सुटू द्या. ओढू नका. जी मुळं बोटांत टणक लागतात ती जिवंत, रंग तपकिरी असला तरी. जी दाबल्यावर चपटी होतात, आत पोकळ दोरा लागतो, ती स्वच्छ ब्लेडने कापून टाका. चार-पाच टणक मुळं आणि एक भरीव डोळा मिळाला तरी मी ते झाड गेलं असं म्हणणार नाही. नवी जागा, नवं मिश्रण, डोळ्यावर दोन सेंटिमीटर. विभागणी करायचा मोह नको. त्याची वेळ झाडाला आठ-दहा कोंब आल्यावर येते, आणि तेव्हाही प्रत्येक भागाला किमान तीन डोळे ठेवायचे.

पुढच्या वसंतात बारीक कोंब आला आणि त्यात चुकून कळी दिसली तर ती खुडा. मन होणार नाही, तरी खुडा. आणि काहीच वर आलं नाही तरी लगेच उकरू नका. सिप्रिपेडियम कधीकधी एखादं वर्ष, क्वचित त्याहून जास्त, पान न काढता जमिनीखालीच राहतं आणि मग पुन्हा उगवतं. काड्या तशाच राहू द्या, झाड आहे असं समजून पाणी देत राहा, आणि दुसरा वसंतही रिकामा गेला तरच ती जागा दुसऱ्या कशाला तरी द्या.